नकाशावरची टेकडी

टेकडी तिथे नव्हती.

कौमुदीने नकाशा सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. शेवटी तो गवतावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि आपणच त्याच्याभोवती फिरली. डाव्या हाताला लाल पत्र्याची बालवाडी. बरोबर. उजवीकडे भातशेतीचा कालवा आणि त्याचं गंजकं लोखंडी दार. बरोबर. समोर कारामोरी डोंगर, माथ्यावर यंदाच्या पहिल्या बर्फाची रेघ, आणि त्या रेघेच्या वर वाफेची एक बारीक वात. तीही जिथे हवी तिथेच होती. या तिन्हींच्या मधोमध नकाशावर एक पांढरा ठिपका होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्या ठिपक्यावर कौमुदीने काल संध्याकाळी स्वतःच्या हाताने एक हिरवीगार टेकडी काढली होती आणि टेकडीवर पिवळी टोपी घातलेला ससा.

प्रत्यक्षात मैदान होतं. पोळपाटासारखं सपाट. बारीक वाळू टाकलेली आणि वर विरळ गवत.

‘असेल थोडीशी चढण, आपल्या डोळ्यांना कळत नसेल,’ असं मनाशी म्हणत तिने पिशवीतून लेकीचा, आर्याचा चेंडू काढला आणि मैदानाच्या मधोमध ठेवला. चेंडू जागचा हलला नाही.

मग तिला पायवाट दिसली. बालवाडीच्या फाटकातून ती नाकासमोर सरळ कालव्याकडे निघाली होती, आणि मैदानाच्या कडेला आल्यावर एकदम डावीकडे वळून, मोठा अर्धा गोल घेऊन, पलीकडे पुन्हा सरळ झाली होती. रोजच्या पायांनी घट्ट झालेली, काळी, चकचकीत वाट. मधे कुंपण नाही, झाड नाही, खड्डा नाही. सरळ गेलं तर साठ पावलं, वळून गेलं तर दीडशे. तरी इतकी वर्षं इतक्या लोकांनी कशाला तरी वळसा घातला होता, आणि त्या कशाच्या तरी जागी काहीच नव्हतं.

आता हा नकाशा कसला, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी जपानातल्या दुसऱ्या एका डोंगराने सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी, काही कळायच्या आत राख आणि दगड फेकले होते. माथ्यावर डबे उघडून बसलेली माणसं तिथेच राहिली. त्यानंतर देशभर ज्वालामुखींच्या पायथ्याच्या गावांत धोक्याचे नकाशे नव्याने करायची धांदल उडाली. ओकुनोसे गावाच्या नकाशाचं काम सेंदाईच्या एका कंपनीकडे आलं, आणि त्या कंपनीत कौमुदीचा नवरा पुष्कर होता. एप्रिलमध्ये दोघं टोकियोतल्या निशी-कसाईतला दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून चार वर्षांच्या आर्याला घेऊन गावात राहायला आली. पुष्कर आठवड्यातून तीन दिवस सेंदाईला जाई. कौमुदीने पुण्यात भूगोलात एम.ए. केलेलं, शिवाय चित्रकला बरी, म्हणून गावाच्या कचेरीत तिला बाइतो मिळालं. म्हणजे आठवड्यातून तीन सकाळी काम, तासावर पगार. मोठ्यांच्या नकाशावरून लहान मुलांसाठी सोपा, चित्रांचा नकाशा करायचा. घराघरात लागला पाहिजे, पोरांनी आजी-आजोबांना वाचून दाखवला पाहिजे, अशी कल्पना.

नकाशात तीन रंग. लाल म्हणजे दगड पडतील. तपकिरी म्हणजे चिखलाचा लोंढा येईल. हिवाळ्यात गरम राखेने माथ्यावरचं बर्फ वितळलं की तो निघतो. पांढरं म्हणजे सुखरूप. बालवाडी तपकिरी रंगात होती, कालव्याच्या तोंडाशीच. लोंढा तिथे नऊ मिनिटांत पोचेल, असं पुष्करच्या संगणकाने काढलं होतं. सर्वांत जवळची उंच जागा म्हणजे पाण्याच्या टाकीची चढण. तिथवर लहान मुलं नऊ मिनिटांत पोचणं अवघडच. म्हणून जेव्हा पहिल्या मसुद्यात बालवाडीपासून तीन मिनिटांवर, तपकिरी पसाऱ्याच्या अगदी मध्ये, तो पांढरा ठिपका उमटला, तेव्हा मुख्य शिक्षिका ओनो-सेन्सेई यांनी भर बैठकीत चष्मा काढून डोळे पुसले होते. बावीस मुलं. त्यांत आर्या.

साडेतीनला कौमुदीने आर्याला बालवाडीतून घेतलं. पायवाट मैदानाशी आली तशी आर्या सवयीने डावीकडे वळली.

‘‘अगं, इकडून सरळ ये ना. कशाला एवढा फेरा?’’

आर्या थांबली. ‘‘यामा,’’ म्हणाली. डोंगर.

‘‘कुठेय डोंगर?’’

आर्याने हात केला. कारामोरीकडे नव्हे, मैदानाकडे. ‘‘कोको.’’ इथे.

कौमुदी खाली बसली, आर्याचे दोन्ही दंड धरले. ‘‘तुला दिसतो?’’

आर्या जपानीत म्हणाली, ‘‘दिसत नाही. पण आहे. सगळे फिरून जातात.’’ आणि आईला एवढंही कळू नये याचं नवल करत ती वळशाने पुढे चालू लागली.

मैदानाला लागून ताकिनो-सान यांचं भाताचं शेत होतं. बाहत्तर वर्षांची बाई, कंबरेत वाकलेली, पण कालव्याची सगळी सूत्रं तिच्या हातात. कालव्याचं दार फिरवायची लोखंडी किल्ली तिच्याच घरी टांगलेली असे. कौमुदी गावात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात दारात घरच्या तांदळाची पिशवी ठेवून, घंटा न वाजवता निघून गेलेली तीच. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा, हे कौमुदीला तिनेच शिकवलं. आज ती बांधावर पेंढ्या बांधत होती.

‘‘ताकिनो-सान, इथे पूर्वी टेकडी होती का हो?’’

ताकिनो-सान यांचे हात थांबले नाहीत. ‘‘इथे काही नाही.’’

‘‘आत्ता नाही. पूर्वी?’’

‘‘पूर्वीही काही नव्हतं.’’ मग मान वर करून, नेहमीसारखं गोड हसून, ‘‘आज थंडी आहे. आर्या-चानला मफलर घाला.’’

*

‘‘तू जागा चुकलीस,’’ पुष्कर म्हणाला. तो पोळीचा तुकडा हातात धरून लॅपटॉपकडे बघत होता.

‘‘पुष्कर, मी भूगोल शिकलेय.’’

‘‘आणि मागच्या महिन्यात सेंदाई स्टेशनच्या भलत्याच गेटने बाहेर पडून मला चाळीस मिनिटं उभं केलंस.’’

‘‘ते स्टेशन होतं. हे शेत आहे. शेताला गेटं नसतात.’’

‘‘हे बघ.’’ त्याने पडदा तिच्याकडे वळवला. करड्या रंगाची जमीन, आणि तिच्यात एक फुगीर, गुळगुळीत, लांबट उंचवटा. ‘‘विमानातून लेझर मारलाय. बारा सालचं उड्डाण. त्यातून झाडं काढून टाकतो, घरं काढून टाकतो, खाली उरते ती नुसती जमीन. तिच्यावर संगणकात चिखल सोडायचा आणि गेला तिथे रंग भरायचा. यात माझं मत कुठेच नाही. उंची साडेतीन मीटर. मी काय खिशातून काढून ठेवली?’’

‘‘मग गेली कुठे?’’

‘‘टेकड्या जात नाहीत, कौमु.’’

‘‘हो ना. तेच तर मला खुपतंय.’’

रविवारी तो ऑफिसातलं उंची मोजायचं यंत्र घेऊन आला. तिपाई मैदानाच्या मध्यावर रोवली, आकडा वाचला, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा वाचला. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

‘‘काय?’’

‘‘काही नाही. म्हणजे... नकाशा खरा धरला तर आपण आत्ता साडेतीन मीटर जमिनीखाली उभे आहोत.’’

वारा पडला होता. कौमुदीला उगाचच श्वास अपुरा वाटायला लागला. पायवाटेवर, वळशाच्या कडेला आर्या उभी होती. एक पाऊलही आत टाकायला तयार नव्हती. दोन्ही मुठी छातीशी धरून ती जपानीत ओरडत होती, ‘‘बाहेर या! आई, बाबा, बाहेर या!’’

दोघंही बाहेर आली. धावत नाही, पण जवळजवळ तशीच.

*

सोमवारी कौमुदी कचेरीत हाताकेयामा-सान यांच्यासमोर बसली. नकाशाचं काम त्यांच्याकडे. एप्रिलपर्यंत ते करवसुलीत होते. इथे दर तीन वर्षांनी सगळ्यांची खाती बदलतात. आधी हे टेबल ज्याचं होतं तो आता वाचनालयात. हाताकेयामा-सान यांनी पुष्करच्या मोजणीचा कागद दोन्ही हातांनी घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘विचार करू.’’ जपानात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

‘‘अठ्ठावीस तारखेला छपाई आहे,’’ कौमुदी म्हणाली. ‘‘मुलांना तिथे उभं करणार आहोत आपण.’’

‘‘कौमुदी-सान, एक मोजणी म्हणते ‘आहे’, एक मोजणी म्हणते ‘नाही’. मी कोणाची बाजू घेऊ?’’ त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. तळाशी मोठी रिकामी चौकट होती. ‘‘दुरुस्ती करायची तर इथे कारण लागतं. ‘टेकडी नाही’ हे कारण होत नाही. टेकडी होती तर का होती आणि नाहीशी का झाली, ते कारण. नाहीतर वरचे लोक विचारतील, आणखी काय काय चुकलंय? मग अख्ख्या नकाशावर कोण विश्वास ठेवेल?’’

माणूस वाईट नव्हता. त्याची मान कॉलरपाशी लाल झाली होती.

म्हणून ती कारण शोधायला निघाली. सोप्या नकाशाचे नमुने दाखवायला तिला घरोघर जायचंच होतं. माणसं अगत्याने दार उघडत, चहा देत, सशाचं कौतुक करत. मग ती बोट ठेवून विचारी, ‘‘या जागी तीन वर्षांपूर्वी काय होतं?’’ आणि प्रत्येक घरात तंतोतंत तेच घडे. ऐकणाऱ्याची नजर आधी खिडकीकडे जाई, मैदानाच्या दिशेला. बरोबर दिशेला, घर कुठल्याही तोंडाचं असो. मग ती नजर परत येई आणि चहाच्या कपात पडे. ‘‘काही नव्हतं.’’ औषधांच्या दुकानात तेच. निवृत्त पोस्टमास्तरांकडे तेच. शब्दही तेच, जणू सगळ्या गावाने एकाच वहीतून पाठ केले होते. सतरा घरं झाल्यावर तिने विचारणं सोडलं. संध्याकाळी दुकानात गल्ल्यावरची बाई उरलेली नाणी तिच्या हातावर ठेवत हसून म्हणाली, ‘‘जमिनीची चौकशी करताय म्हणे. घ्यायचा विचार आहे वाटतं?’’ त्या बाईला तिने काहीच विचारलं नव्हतं.

घरी येऊन तिने निशी-कसाईला जुन्या शेजारणीला, मितालीला फोन लावला. मिताली सगळं ऐकून म्हणाली, ‘‘तुला सांगू? तू झोप काढ. नाहीतर परत ये इकडे. इथे डोंगरच नाही, काळजी नको.’’

‘‘मिताली, सगळं गाव एका सपाट जमिनीला वळसा घालून चालतं.’’

‘‘आमच्या सोसायटीत सगळे लिफ्टमधल्या त्या कुत्र्याला घालतात,’’ मिताली म्हणाली, आणि कौमुदीला हसू आलं. फोन ठेवल्यावर ते टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गावातले भोंगे बोलायला लागले. खांबांवर तीन ठिकाणी भोंगे, आणि तिन्हींचा आवाज पोचायला वेगवेगळा वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य तीनदा ऐकू येतं. ‘कारामोरीच्या पोटात थरथर वाढली आहे... थरथर वाढली आहे... वाढली आहे. सावधगिरीचा टप्पा एकवरून दोनवर... एकवरून दोनवर... दोनवर.’ कौमुदी गच्चीत आर्याची पांघरुणं झटकत होती. तिने खाली पाहिलं. रस्त्यावर चार-पाच माणसं होती. सगळी जागच्या जागी थांबली, आवाज संपेपर्यंत उभी राहिली आणि संपल्यावर पुन्हा चालू लागली. डोंगराकडे कोणीच पाहिलं नाही.

*

कारण शेवटी पुष्करला सापडलं, तेही त्याच्याच ऑफिसच्या कपाटात. लेझर मारणाऱ्या विमानाने त्याच फेरीत फोटोही काढले होते. चिखलाच्या हिशेबाला फोटो लागत नाहीत, म्हणून ते पाकीट कोणी उघडलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर एक मोठा छापील फोटो ठेवला आणि हात धुवायला गेला.

वरून दिसणारी बालवाडी. कालवा. आणि मैदानाच्या जागी काळ्या, गोल, गच्च भरलेल्या पिशव्या. रांगेने, थरावर थर, कडेला मातीचा बांध, अर्ध्या भागावर मातीच टाकून झाकलेलं. प्रत्येक पिशवी माणसाच्या छातीएवढी उंच.

कौमुदी खुर्चीत बसली. तिने हे फोटो टीव्हीवर पाहिले होते, दक्षिणेकडच्या गावांचे. अकरा सालच्या भूकंपानंतर अणुभट्टीतून जे वाऱ्याबरोबर उडालं, ते जिथे जिथे पडलं तिथली वरची माती खरवडून अशा पिशव्यांत भरली होती. इथेही पडलं होतं तर.

‘‘घरं काढून टाकतो, झाडं काढून टाकतो,’’ पुष्कर दारात उभा राहून म्हणाला. ‘‘पण ही मातीच. माती म्हणजे जमीन. ती कशी काढणार? मशीनने बरोबर केलं, कौमु. मशीनला कोणी सांगितलं नाही, एवढंच.’’

‘‘आणि नंतर नेल्या कुठेतरी.’’

‘‘चौदाच्या वसंतात. वाळू टाकून सपाट केलं.’’ तो समोर बसला. ‘‘आता नीट ऐक. हे तू बोलायचं नाहीस. या गावाचा तांदूळ टोकियोला जातो. पोतं पोतं तपासून, शून्य लिहून जातो. पण हा फोटो एकाने जरी टाकला इंटरनेटवर तर शून्य कोणी वाचत नाही. आणि तो टाकणारी कोण, तर बाहेरून आलेली बाई. आर्याला इथे शाळा आहे अजून दीड वर्ष.’’

‘‘आर्याला दीड वर्ष मिळावं म्हणूनच तर.’’

पुष्करने फोटोच्या कडेला बोट ठेवलं. ‘‘हे पाहिलंस?’’

पिशव्यांच्या टोकाशी एक ठिपका होता. पांढरी टोपी. सकाळचं ऊन असावं, कारण त्या ठिपक्याची सावली पिशव्यांवर लांबलचक पडली होती. कंबरेत वाकलेली, हातात काहीतरी धरलेली सावली. माणूस ठिपक्याएवढा, पण सावलीवरून कोणीही ओळखलं असतं.

*

ताकिनो-सान ओसरीत बसून पर्सिमनची फळं सोलत होत्या. सोललेली फळं दोरीला बांधून छपराखाली वाळत घातली होती. कौमुदीने फोटो त्यांच्या गुडघ्याशी ठेवला आणि शेजारी बसली. सालीची अखंड पट्टी सुरीवरून खाली उतरत होती. ती तुटली.

‘‘हातात काय आहे तुमच्या?’’ कौमुदीने विचारलं.

‘‘किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र. रोज सकाळी मोजत असे. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच शेतातली माती होती ती. सासऱ्यांनी, त्यांच्या वडिलांनी शेण घालून काळी केलेली. पिशव्यांत भरून नेली, तर बघायला नको?’’

‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’

‘‘आम्ही काही ठरवलं नव्हतं, कौमुदी-सान. तुम्हाला वाटेल सभा भरवून शपथा घेतल्या. तसं नाही. एका वर्षी तांदूळ परत आला. पाकीट न फोडता. दुसऱ्या वर्षी कोणी काही बोललं नाही, तर विकला गेला. मग कोणीच बोललं नाही.’’ त्यांनी दुसरं फळ घेतलं. ‘‘मुलांना मात्र सांगितलं होतं, त्याच्या जवळून जायचं नाही, फिरून जायचं. पिशव्या गेल्यावर ‘आता सरळ जा’ असं सांगायचं, तर आधी काय होतं ते बोलावं लागलं असतं. म्हणून राहिलं. मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात.’’

‘‘आणि नकाशात ती जागा पांढरी आली तेव्हा? तुम्ही बैठकीत होतात. तुम्हाला ठाऊक होतं तिथे उंची नाही.’’

ताकिनो-सान यांनी सुरी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचं ते गोड हसू गेलं, आणि त्या खूप म्हाताऱ्या दिसल्या.

‘‘तुम्हाला खोटं वाटेल. मला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्या जागेचं नाव घेता येत नव्हतं तिला मशीन म्हणालं, टेकडी. मुलांना वाचवणारी टेकडी. तुम्ही तर ससा काढलात. मला वाटलं, मशीनला आमच्यापेक्षा जास्त कळत असेल. सगळ्यांनाच वाटलं असावं.’’

कौमुदीला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. ‘‘लोंढा नऊ मिनिटांत येतो,’’ ती एवढंच म्हणाली. ‘‘येत्या गुरुवारी पहिली कवायत आहे. मुलांना तिथे उभं करणार आहेत.’’

‘‘किती वाजता?’’

‘‘दहाला.’’

ताकिनो-सान मान हलवून पुन्हा सोलायला लागल्या. कौमुदी उठली तेव्हा त्यांनी फोटो परत दिला नाही आणि तिनेही मागितला नाही.

*

गुरुवारी आभाळ इतकं खाली आलं होतं की कारामोरी दिसतच नव्हता. नुसता वास होता, जळक्या काडीचा. मैदानाच्या कडेला हाताकेयामा-सान नकाशा लावलेली फळी आणि अर्ज घेऊन उभे होते. अग्निशमनवाले दोघं, आठ-दहा पालक, घड्याळ हातात घेतलेली कौमुदी. भोंगा वाजला. बालवाडीच्या दारातून बावीस मुलं दोराला धरून बाहेर आली. डोक्यावर जाड कापसाची, चंदेरी कापडाची टोपरी, खांद्यांपर्यंत उतरलेली. त्यांतून चेहरे नीट दिसत नाहीत आणि मुलांना ऐकूही कमी येतं, म्हणून ती फार शांत चालतात. तीन मिनिटं दहा सेकंदांत रांग मैदानापाशी आली आणि थांबली.

‘‘आत चला,’’ ओनो-सेन्सेई म्हणाल्या. ‘‘ही आपली टेकडी. सशाची.’’

एकही टोपरं हललं नाही. बावीस जोड बूट वळशाच्या काळ्या कडेवर ओळीने उभे. ओनो-सेन्सेई यांनी दोर ओढला तेव्हा पहिलं मूल पाय उचलून, जणू उंच पायरी चढतंय असं, आत आलं. मग दुसरं. मग आर्या. सगळी मुलं मधोमध गोळा होऊन उकिडवी बसली, डोकी हातांत धरून, शिकवल्याप्रमाणे.

आणि पाण्याचा आवाज आला.

नोव्हेंबर होता. कापणी झाल्यावर कालव्यात पाणी कधीच सोडत नाहीत. तो आवाज वसंतातला. मोठी माणसं तिकडे वळली. लोखंडी दारापाशी पांढरी टोपी घातलेली वाकलेली आकृती दोन्ही हातांनी किल्ली फिरवत होती. पाणी काठावरून सांडलं, कापलेल्या शेतात पसरलं, पेंढ्याचे तुकडे पुढे ढकलत, घाई न करता मैदानाकडे आलं. कोणी हाक मारली नाही. कोणी मुलांना उठवलंही नाही. सगळे पाहत होते की ते कुठे थांबतं. कौमुदीला कळत होतं की आपण ओरडायला हवं, पण तीही पाहत होती. पाणी वळशाच्या कडेपर्यंत आलं, ती ओलांडली, वाळूवरून जिभेसारखं सरकत आत गेलं आणि बावीस जोड बुटांभोवती भरलं. ‘‘थंड!’’ कोणीतरी किंचाळलं.

आर्याने टोपरं मागे सारून आईकडे पाहिलं.

कौमुदी पाण्यातून गेली आणि तिला कडेवर घेतलं. मग तशीच हाताकेयामा-सान यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांचेही बूट भिजले होते. त्यांनी फळीवरच्या नकाशात तो पांढरा ठिपका तपकिरी पेन्सिलीने भरला होता, आणि आता पेन अर्जाच्या रिकाम्या चौकटीवर थांबलं होतं.

‘‘कारण?’’ त्यांनी हळूच विचारलं. कोणाला असं नाही.

पालकांच्या माना खाली गेल्या. कौमुदीचं जपानी अडखळतं होतं, पण वाक्य तिने आठवडाभर मनात घोकलं होतं.

‘‘बारा साली इथे मातीच्या काळ्या पिशव्या होत्या. हजारेक असतील. विमानाला त्या टेकडी वाटल्या. आता त्या नाहीत.’’

पाणी वाळूत मुरताना ऐकू येत होतं. मग कालव्याच्या दाराकडून आवाज आला, म्हातारा, स्पष्ट.

‘‘बाराशे चाळीस.’’

हाताकेयामा-सान यांनी लिहिलं. आकडा लिहिताना त्यांनी वर पाहिलं नाही. एक पालक निघून गेला. दुसरी बाई निघाली होती, ती अर्ध्या वाटेवरून परत आली आणि आपल्या मुलाचे बूट काढून पाणी ओतून टाकायला लागली.

‘‘मग आता टाकी,’’ ओनो-सेन्सेई म्हणाल्या. ‘‘दुसरी जागाच नाही. चला. बालवाडीपासून सुरुवात करू. कौमुदी-सान, वेळ लावा.’’

अकरा मिनिटं वीस सेकंद. चढणीवर धाकटी मुलं बसून घेत होती. ‘‘पुन्हा,’’ ओनो-सेन्सेई म्हणाल्या. दुसऱ्यांदा अग्निशमनवाल्यांनी दोघांना पाठीवर घेतलं, पालकांनी चौघांना. दहा मिनिटं पाच. तिसऱ्यांदा हाताकेयामा-सान यांनी टाय खिशात घातला आणि दोन बगलांत दोन मुलं घेतली; ताकिनो-सान काठी टेकत रांगेच्या मागून आल्या आणि सर्वांत हळू चालणाऱ्या पोरीला पुढे ढकलत राहिल्या. नऊ मिनिटं पंचवीस.

कौमुदीने आकडा कोणालाच सांगितला नाही. सगळ्यांनी तिच्या चेहऱ्यावर वाचला. टाकीच्या कठड्यापाशी मुलं दम खात उभी होती, भिजलेल्या बुटांतून वाफा निघत होत्या. वर ढग होता, आणि ढगाच्या आत, फार खोल, जड कपाट सरकवल्यासारखं काहीतरी झालं. हातांखालचा कठडा किंचित घुमला.

‘‘अजून एकदा,’’ कौमुदी म्हणाली.

तिने आर्याला खाली ठेवलं आणि दोराची मूठ तिच्या हातात दिली. चंदेरी टोपरी एकेक करून वळली आणि डोंगराकडे तोंड करून चढण उतरायला लागली.